निळ्या फितीची फाईल

फाईल खुर्चीवरच राहिली होती.

कंपनीचा माणूस लिफ्टपर्यंत पोचला असेल-नसेल. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिनं हाक मारली नाही.

अकरा देशांत फरशा बनवणाऱ्या त्या कंपनीचा हा माणूस सात महिने तिच्या सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होता. सगळा खटाटोप एका आकड्यासाठी. हवामानाच्या नव्या धोरणात, एक टन फरशी भाजताना हवेत किती किलो कार्बन सोडता येईल, याची मर्यादा ठरायची होती आणि मसुदा तिच्या टेबलावर होता. कंपनी म्हणत होती दोनशे. तिला हवे होते शंभर. कार्यालयात तिला पाठीमागे 'कात्री' म्हणत, ते काही उगाच नाही.

"शंभर म्हणजे आकाशातला चंद्र मागणं झालं, मॅडम," तो आज म्हणाला होता. "जगात कुणालाही जमलेलं नाही." मग पेनाचं टोपण लावत हळूच, "आणि दोनशेच राहिले, तर तुमच्या धाकट्या भावाच्या फरशीच्या भट्टीचंही भलंच आहे की. बेचाळीस माणसं कामाला आहेत ना तिथं?"

तिची कानशिलं तापली. "माझ्या भावाला यात आणू नका."

"छे, छे. सहज म्हटलं." आणि तो घाईघाईनं उठून गेला.

तो विसरभोळा म्हणून प्रसिद्धच होता. आधी चष्मा, मग दोनदा छत्री. सात महिन्यांपूर्वीच्या बैठकीतला शब्दन् शब्द ज्याला तोंडपाठ, त्याला स्वतःची छत्री आठवू नये, याचं शिपायाला भारी हसू यायचं.

तिनं दार लोटलं. बावीस वर्षांच्या नोकरीत तिनं कुणाचं साधं कॅलेंडरसुद्धा घेतलं नव्हतं. आणि आज बोटं फाईलच्या निळ्या फितीवर होती. फक्त एक नजर, तिनं स्वतःला बजावलं, आणि फीत ओढली.

तिसऱ्याच कागदावर ते होतं. कंपनीच्या परदेशातल्या कारखान्यात विजेवर चालणारी नवी भट्टी. आठ महिन्यांची चाचणी. टनामागे चौऱ्याण्णव किलो.

चौऱ्याण्णव! आणि हा माणूस सात महिने तोंडावर खोटं बोलत होता. तिला इतका राग आला की भीतीच पळाली. तिनं फोननं कागदाचा फोटो काढला, फीत होती तशी बांधली. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"माझी फाईल राहिली वाटतं."

"ही काय, खुर्चीवर." आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं.

त्यानं फाईल काखेत मारली. गाठीकडे पाहिलंसुद्धा नाही. "वय झालं, मॅडम. एक दिवस डोकंच विसरून जाईन."

संध्याकाळी तिनं भावाला फोन केला. काय पाहिलं ते सांगितलं नाही. "समजा शंभर झाले, विजेची भट्टी लावावी लागली, तर रे?"

"सगळ्यांना सारखा नियम असेल तर लावू की. मोठ्यांना जमेल ते मला का नाही जमणार?" तो म्हणाला. "आणि ताई, माझ्याकडे बघून आकडा लिहू नकोस. लोक आपल्या दोघांच्या तोंडात शेण घालतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता धोरण ठरवणाऱ्या समितीची शेवटची बैठक होती. अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले, "शंभर जमतात याचा पुरावा आहे का कुणाकडे? नसेल तर दोनशेवर सही करतो."

चोरी ती चोरीच. समोरच्यानं तक्रार केली तर नोकरी आजच गेली. तिनं टेबलापलीकडे पाहिलं. सात महिन्यांत पहिल्यांदाच तो मोकळ्या हातांनी आला होता.

"एक प्रश्न," ती म्हणाली. "तुमच्या परदेशातल्या कारखान्यात आठ महिने विजेची भट्टी चालली. टनामागे चौऱ्याण्णव किलो. खरं की खोटं?"

त्यानं पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला.

"हे तुम्हाला कुठून कळलं?"

"खरं की खोटं?"

"उत्तर द्या," अध्यक्ष म्हणाले.

त्यानं टेबलाकडे पाहिलं. "खरं आहे."

अध्यक्षांनी दोनशेवर काट मारली, शेजारी शंभर लिहिलं आणि सही केली. नियम वर्षभरात लागू, लहान-मोठ्या सगळ्यांना सारखा. त्यानं तक्रार केली नाही. मान खाली घालून निघून गेला. कुठल्या तोंडानं करणार, ती मनात म्हणाली. तिला हसावं की रडावं कळेना.

जिन्याजवळ येऊन तिनं भावाला फोन लावला. "शंभर झाले."

"शाब्बास! जिरवलीस त्यांची!" तो केवढ्यांदा ओरडला. "काल तू विचारलंस ना, म्हणून सकाळीच त्या भट्टीची चौकशी केली. ती म्हणे जगात एकच कंपनी बनवते. तुझ्याकडे खेटे घालणारी तीच. आणि बाहेर कुणाला विकत नाही. पण निघेल काहीतरी मार्ग."

तिनं कठड्याला धरलं.

"आणि गंमत ऐक. त्यांचा तो माणूस सकाळी दहालाच इथं हजर. म्हणाला, शंभरच्या नियमात तुम्ही टिकणार नाही, कारखाना आम्हाला देऊन टाका. मी म्हटलं, नियम अजून झालाय कुठे? तर नुसता हसला."

सकाळी दहाला. आणि बैठक तर तीनला होती.

"पण वेंधळाच आहे गं, ताई. निळ्या फितीची फाईल इथं खुर्चीवरच विसरून गेलाय. उघडून बघू का?"