दुसरं टोक

फोनवरचं चित्र हललं, क्षणभर छत दिसलं आणि मग सगळं काळं झालं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा घास हातातच राहिला. बाराव्या मजल्यावरच्या मशीनरूममध्ये तो रोज याच वेळी डबा उघडायचा आणि फोन समोर टेकवून, शाळेतून येऊन घरी एकटी असलेली लेक बघायचा. बायको गेल्यापासून जेवायला सोबत म्हणून तेवढीच. "दप्तर जागेवर ठेव. गॅसपाशी जाऊ नकोस," असं तो फोनमध्ये बोलला की घरच्या कॅमेऱ्यातून तिला ऐकू जायचं. ती कॅमेऱ्याकडे बघायची, तिचे ओठ हलायचे. पाठांतर चाललंय असं समजून त्याला बरं वाटायचं.

आज त्याने तीनदा हाक मारली. मग डबा तसाच टाकून तो घराकडे धावत सुटला.

दार उघडलं आणि ती सुखरूप दिसली. भीतीची जागा रागाने घेतली. लेक जमिनीवर मांडी घालून बसली होती, हातात भाजीची सुरी, समोर उघडलेला कॅमेरा.

"कितीदा सांगितलंय, कशाला हात लावायचा नाही म्हणून?"

हा नियम घरात मिक्सरपासून गजराच्या घड्याळापर्यंत सगळ्यांना लागू होता. दिवसभर लोकांची यंत्रं उघडून दमलेल्या माणसाला घरी आणखी एक उघडं यंत्र नको असतं.

पसारा आवरायला त्याने कॅमेऱ्याखालचा कागद ओढला आणि थबकला. कागदावर पेन्सिलीने कॅमेऱ्याचं चित्र काढलं होतं. जिथला स्क्रू काढला, तिथेच चित्रात तो चिकटपट्टीने लावलेला. सहा स्क्रू, सहा जागा. हे असं तो स्वतः करायचा. एका सुट्टीत नाइलाजाने तिला कामावर नेलं होतं, तेव्हा ती दिवसभर गप्प बसून होती. पोरगी कंटाळली, असं त्याला वाटलं होतं.

"काय बिघडलंय?" त्याने विचारलं. दुसऱ्या मेकॅनिकला विचारावं तसं.

"तुझं मला ऐकू येतं. माझं तुला पोचत नाही. यातला माइक बिघडलाय."

त्याला एकदम आठवलं. आठ महिन्यांपूर्वी, पहिल्याच दिवशी, मोटरच्या घरघरीत फोनमधूनही खरखर यायला लागली, म्हणून त्याने दोन मिनिटांपुरता फोनवर येणारा घरचा आवाज बंद केला होता. चालू करायचं राहून गेलं होतं.

आताही गुपचूप चालू केला असता तर कुणाला कळलं नसतं. हात खिशाकडे गेलासुद्धा. मग त्याने फोन काढला आणि तिच्या हातात दिला.

"उघडायच्या आधी दुसरं टोक तपासायचं. शोध. हवं ते दाबून बघ, काही होत नाही."

ती फोनमध्ये डोकं खुपसून बसली. चुकली, मागे आली, पुन्हा आत शिरली. तो बोट दाखवायला पुढे झाला नाही, हे त्याला फार जड गेलं. शेवटी तिला तिरकी रेघ मारलेला छोटासा कर्णा सापडला.

"बाबा, हे कुणी बंद केलं?"

"मी. आणि विसरलो."

ती रागावली असती तर त्याला हलकं वाटलं असतं. ती नुसतं "बरं" म्हणाली, कर्ण्यावरची रेघ काढली आणि स्क्रू बसवायला लागली. सुरी सारखी निसटत होती. त्याने खिशातून आपला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला.

"हा घे. आता हा तुझा."

कामावर परतताना अर्ध्या जिन्यातच त्याने फोन काढला. लेक कॅमेऱ्यासमोर उभी होती. तिचे ओठ आठ महिने जसे हलत होते, अगदी तसेच हलले. या वेळी आवाजही आला.

"बाबा, ऐकू येतंय का?"