पोराला द्या

बेसबॉलचा चेंडू बॅटला निसटता लागून तिरका उडाला आणि जाळीवरून थेट प्रेक्षकांत आला, तेव्हा सांग-चोल माकूल मासळीची सुकवलेली पट्टी चघळत बसला होता. त्याने हात वर केला तो तोंड वाचवायला, झेल घ्यायला नव्हे. चेंडू तळहातावर फाडकन बसला आणि तिथेच राहिला. हात झणझणला, आणि आपल्याला काहीतरी जाणवतंय याचंच त्याला नवल वाटलं.

गेलं वर्ष सरता सरता त्याचा आणि बायकोचा, मि-रानचा, मुलगा ग्यु-वोन वारला होता. उन्हाळा लागला तशी बायकोच्या भावाने, दोंग-ह्योकने, मनावर घेतलं की या दोघांना घरात बसू द्यायचं नाही. बुसानमध्ये माणसाला घराबाहेर काढायचं म्हणजे बेसबॉलला न्यायचं, दुसरं औषध तिथे कुणाला ठाऊक नाही. घरच्या मैदानावरच्या प्रत्येक मॅचची तिकिटं तो काढायचा. हे दोघं, तो स्वतः आणि सांग-चोलचा मासळीबाजारातला जुना दोस्त बे. सांग-चोलला ऊठ म्हटलं की उठायचा, गा म्हटलं की गायचा. प्रत्येक फलंदाजाचं गाणं त्याला तोंडपाठ होतं. तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी डोक्याला फुगवलेल्या नारिंगी प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या की तोही बांधायचा. जिंकले काय नि हरले काय, त्याला सारखंच. मि-रान शेजारी बसायची, कुणीतरी सांभाळायला ठेवून गेलेल्या सामानासारखी.

"पोराला द्या," मागून कुणीतरी ओरडलं. मग सगळा स्टँडच ओरडू लागला, "पोराला द्या, पोराला द्या."

प्रेक्षकांत आलेला चेंडू झेलणाऱ्याने जवळच्या पोराच्या हातात ठेवायचा, हा बुसानचा कायदा. सरकारी नाही, म्हणून जास्तच कडक. भलेभले साहेबलोकही तिथे मुकाट्याने चेंडू देऊन मोकळे होतात. खुद्द सांग-चोलने आजवर घसा फोडफोडून किती लोकांच्या मुठी सोडवल्या होत्या.

दोन रांगा खाली एक मुलगी आजीशेजारी उभी राहून दोन्ही हात पसरून वाट बघत होती. सांग-चोलने तिच्याकडे पाहिलं आणि मूठ आवळली.

"दाजी, द्या की," दोंग-ह्योक हळूच म्हणाला.

बेने ते हसण्यावारी न्यायला पाहिलं. आमच्या गड्याला आयुष्यात पहिल्यांदाच झेल जमलाय, जरा दम धरा, असं तो आजूबाजूच्यांना सांगू लागला. कुणी हसलं नाही. आरड्याला ढोलाची साथ मिळाली. समोरच्या मोठ्या पडद्यावर पिशवी बांधलेला एक माणूस दिसत होता, मूठ छातीशी धरलेला. तो आपणच, हे कळायला सांग-चोलला थोडा वेळ लागला. चेंडू द्यायला हवा हेही त्याला कळत होतं. पण बोटं ऐकत नव्हती. हाही गेला तर हातात काय राहणार, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

शेवटी त्या मुलीच्या आजीनेच मागे वळून त्याच्याकडे पाहिलं.

"अरे बाबा, एवढा घोडा झालास नि चेंडू कसला धरून बसलास? तुझं स्वतःचं पोर आहे का कुठे?"

दोंग-ह्योकचा चेहरा खर्रकन उतरला. बेने बिअरचा ग्लास खाली ठेवला.

"आहे," सांग-चोल म्हणाला. "घरी आहे."

खोटं बोलल्यासारखं त्याला वाटलं नाही. खरं बोलल्यासारखंही नाही.

म्हातारीच्या कपाळावरची आठी गेली. ती उठून उभी राहिली आणि दोन्ही हात हलवून तिने अख्ख्या स्टँडला दटावलं. त्याचं पोर तापाने पडलंय घरी, त्याच्यासाठी नेतोय बिचारा, गप बसा आता. ताप तिने स्वतःच्या पदरचा घातला. आरडा हळूहळू विरला, दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या. मुलीने ओठ काढले. पुढचा तुला, असं सांगून आजीने तिची समजूत घातली. तेवढ्यात मैदानावर आपला फलंदाज बाद झाला. त्याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

पण म्हातारीचं मन भरलं नव्हतं. "केवढा आहे रे?"

सांग-चोल मनातल्या मनात मोजू लागला. गेला तेव्हा पोराला आठवं होतं. त्यांच्याकडे वाढदिवसाची वाट न बघता, नवं वर्ष लागलं की त्या दिवशी सगळ्यांनाच एक वर्ष चढतं, तान्ह्यालाही आणि म्हाताऱ्यालाही. मग ग्यु-वोनला ते चढलं की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने कुणाला विचारलंही नव्हतं.

"नववं लागलंय," मि-रान म्हणाली.

तिघेही तिच्याकडे बघत राहिले. या बाकावर उन्हाळाभर 'हो' आणि 'नको' यापलीकडे तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

म्हणजे आमच्या हिच्याच बरोबरीचा की, म्हणत म्हातारी खूश झाली. तिने डबा उघडला, समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात भात आणि भाज्या भरलेली एक जाड गुंडाळी चांदीच्या कागदात बांधली आणि रांगा चढून येऊन मि-रानच्या मांडीवर ठेवली. "त्याला दे. आजारी पोराच्या तोंडाला चव नसते, पण हे खाईल बघ."

दोंग-ह्योक घाईघाईने नको नको म्हणू लागला. सांग-चोलला बायकोचा हात धरावासा वाटला, पण त्याच्या हातात चेंडू होता. मि-रानने मान लववून दोन्ही हातांनी गुंडाळी घेतली. मग कागदाचं टोक उलगडून आत नीट पाहिलं.

"काकडी तेवढी काढावी लागेल," ती म्हातारीला म्हणाली. "तो खात नाही."