घोटभर घ्या, घरभर गंध

शाल्मली आली तेव्हा उकिडवे सर पत्नीच्या तसबिरीला हार घालत होते. याच सरांनी तिला शाळेत अनुप्रास शिकवला होता.

"आईने रचलेली ओवी बाबा रोज म्हणायचे," त्यांची मुलगी वृंदा म्हणाली. "आता ऐक."

सरांनी डोळे मिटून हात जोडले. "घोटभर घ्या, घरभर गंध!"

चहाच्या जाहिरातीची ती ओळ शाल्मलीनेच लिहिली होती. तिच्या जाहिरात कंपनीच्या यंत्राने मग ती अशी घडवली होती, की एकदा ऐकलेला माणूस ती मरेपर्यंत विसरत नसे. मात्र तिला जागा करून देताना मेंदू एखादी जुनी पाठ ओळ पुसून टाकी. कंपनीच्या अहवालात हे वाचूनही शाल्मलीने ती ओळ वापरायला होकार दिला होता.

"ओवी कुठे लिहून ठेवली आहेस का?" तिने वृंदाला विचारलं.

"नाही गं. ती फक्त बाबांनाच येत होती."

"काय सुरेख अनुप्रास आहे!" सर म्हणाले. "कोणाचा गं हा?"

"माझा, सर." तिने मान खाली घातली. "तुमची ओवी माझ्यामुळेच गेली."

"शाब्बास!" सरांनी कौतुकाने तिची पाठ थोपटली. वृंदाने मात्र तोंड फिरवलं.