छपराच्या टोकावरचा दिवा

“काकू, एवढ्या उंचावर साधा बल्ब लावायचाच नसतो,” शिडीच्या वरच्या पायरीवरून वायरमन ओरडला. “दर वेळी कोण चढणार इथे? हाडं मोडायची माझी.”

काकूंनी खाली शिडी घट्ट धरली होती. “जो आणलायस तो लाव, पण अंधार पडायच्या आत लाव रे बाबा. जुना पहाटेच गेलाय.”

छपराच्या टोकावरचा हा दिवा साऱ्या गल्लीला ठाऊक होता. घरातले बाकीचे बल्ब एकेक करून गेले तसे काकूंनी नवे आणलेच नव्हते. जेवणं उजेडातच उरकायची, न्हाणीघरात चाचपडत जायचं. काकांची पेन्शन ती केवढीशी, काटकसर केल्याशिवाय भागतंय कुठे? आणि वर हा भलामोठा दिवा मात्र रात्रभर चालू. लोक आधी हसले. मग कारण कळलं आणि हसणं थांबलं.

कारण होतं त्यांचा मुलगा. कारखान्याला आग लागली त्या रात्री पाळीवर तोच होता. दुसऱ्या दिवशी घरातून निघून गेला, तो गेलाच. नदीवरच्या पुलावरून बघितलं तर या घराचं फक्त टोक दिसतं, बाकी सगळं समोरच्या गोदामाआड जातं. तेव्हा आई तिथे दिवा कशाला लावते हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. शेजारणी तेवढ्यानेच डोळे पुसायच्या.

कारखान्याच्या मालकांनाही त्याची काळजी लागून राहिली होती. त्यांनी दोन माणसं पाठवली होती. दोघं गोदामाच्या ओट्यावर बसून असत, दिवसाही आणि रात्रीही. मोठी आदबशीर माणसं. काकूंच्या हातातली पिशवी घ्यायचे, “पोराचा फोन आला का?” म्हणून विचारायचे आणि काकूंना बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून फोन स्वतःच उघडून बघायचे.

वायरमन खाली उतरला, हात झटकले. “घ्या. आता बिल कसं खाली येतं बघा. सेन्सरचा बल्ब आहे. अंधारात अंगणात कुणी आलं की आपोआप लागतो. हालचाल थांबली की थोड्या वेळात विझतो.”

“म्हणजे रात्रभर नाही जळणार?”

“कशाला जळायला हवा फुकट? मुलगा फाटकातून आत आला की लखकन लागेल. त्याच्यासाठीच लावताय ना?”

“काढ तो,” काकू म्हणाल्या. “साधा लाव.”

“साधा नाहीये माझ्याकडे. आणि शिडी भाड्याची आहे, आत्ता परत द्यायचीय. उद्या बघू.”

“उद्या नाही रे, आज! पाया पडते तुझ्या.”

वायरमनला वाटलं, लेकाच्या काळजीने म्हातारीचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. त्याला वाईट वाटलं. मजुरी न घेताच तो शिडी खांद्यावर टाकून चालता झाला.

काकांनी चपला अडकवल्या. “मी बल्ब आणतो, शिडी आणतो, माणूस आणतो. तोवर तू काहीतरी कर,” म्हणाले आणि जमेल तेवढ्या घाईने निघाले.

अंधार पडला. काकू अंगणाच्या मध्यावर गेल्या आणि दिवा लागला. त्या थांबल्या, तो विझला. हात हलवला, पुन्हा लागला. असं आहे तर, म्हणून त्यांनी पदर खोचला आणि अंगणात फेऱ्या घालायला सुरुवात केली.

गुडघे त्यांचे आधीच कामातून गेलेले. पाचदहा फेऱ्यांतच धाप लागली, पण थांबायची सोय नव्हती. रडू येत होतं, तर रडायलाही थांबता येईना. शेजारीण कुंपणापाशी आली.

“काकू, बसा हो. तो यायचा तेव्हा येईलच की.”

“दिवा विझायला नको,” काकू चालता चालता म्हणाल्या.

ओट्यावरचे दोघंही फाटकापर्यंत आले. “आत जाऊन पडा काकू. आम्ही आहोत ना लक्ष ठेवायला.”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पाय आणखी जोरात उचलले. दोघं मान हलवत आपल्या जागेवर जाऊन बसले.

काका परतले तेव्हा त्यांच्या खिशात साधा बल्ब होता, पण शिडी गावभर हिंडून मिळाली नव्हती. अंगण काळंकुट्ट होतं. फाटक ढकलताच दिवा लागला आणि पायरीपाशी कोसळलेल्या काकू दिसल्या. काकांनी त्यांना कसंबसं आत नेलं, तोंडावर पाणी मारलं. बाहेर दिवा पुन्हा विझला.

बऱ्याच वेळाने काकूंनी डोळे उघडले. “किती वेळ बंद होता?”

“मला काय माहीत? मी आलो तेव्हा तू पडलेलीच होतीस.”

“अहो, मग इथे काय बसलात! बाहेर जा. फिरत राहा!”

काका धडपडत उठले. ते दारापर्यंत पोचायच्या आधीच अंगण उजेडाने भरून गेलं.

दिव्याखाली मुलगा उभा होता. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, पण चेहरा हसरा. काकू उठायला धडपडल्या.

“आई, ठरलं होतं तसं रोज पुलावरून दिवा बघून परत जायचो,” तो म्हणाला. “आज दिवा बंद दिसला. म्हटलं, गेले एकदाचे ते दोघं.”

त्याच्या मागे कुणीतरी फाटक अलगद लावून घेतलं.