जावयाचं घड्याळ

प्रेमिलाचा नर्सिंगच्या डिग्रीला नंबर लागला होता. उद्या हॉस्टेल गाठायचं होतं. नाडी मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ हवंच होतं. घरात तसं एकच होतं. बापानं महालच्या बाजारातून आणून न ठरलेल्या जावयासाठी कपाटात जपलेलं. मायनं डबी उघडताच बाप कडाडला, "ठेव वं ते जाग्यावर! लग्नात जावयाले काय देशीन मंग?" "अख्खी पोरगी देऊ नं त्याले! त्याचा तं अजून पत्ता नाही." मायनं चावी दिली, घड्याळ लेकीच्या मनगटावर बांधून पाहिलं. पट्टा ढिला झाला. तिनं दाभणानं नवं भोक पाडलं आणि उरलेला पट्टा अडकित्त्यानं कचकन कापला. आता तो कोणत्याच पुरुषाच्या मनगटाला पुरणार नव्हता. बाप हात उगारून धावला. मायनं तो हात वरच्यावर धरून लेकीच्या हाती दिला. "मोज वं नाडी. तुया बापापासूनच सुरू कर."