एक ओळ काढली तर

सांगलीच्या त्या डेअरीचं वर्षाचं अंदाजपत्रक तानाजीच्या एक्सेल शीटवर चालायचं, आणि ती शीट भलतीच हट्टी होती. मालक वीरधवल दरसाल म्हणायचे, "कवठे महांकाळचं दूध केंद्र तोट्यात हाय. ते काढून बघ बरं." तानाजीनं ती एक ओळ काढली, की वरपासून खालपर्यंत आकड्यांच्या जागी चुकाच चुका दिसायच्या. "ऱ्हाऊ दे बाबा, हाय तसं ठेव," म्हणत मालक चहा मागवायचे. शेवटी वैतागून तानाजीच मालकांच्या मागं लागला आणि नवं सॉफ्टवेअर आलं.

आज त्यानं त्यातनं कवठे महांकाळ काढलं. बाकी सगळं जागच्या जागी राहिलं. नफा तेवढा वाढला.

"आयला, कुठं काय बिघडलंच न्हाई की रं!" मालक खुशीत म्हणाले. "मग टाक बंद करून."

तेवढ्यात गावाकडनं, कवठे महांकाळहून, आईचा फोन आला. "सांजचं दूध आत्ताच केंद्रावर घालून आलीया. तुझं ते नवं मशिन नीट चालतंय न्हवं?"

"व्हय आये," तानाजी म्हणाला, "एक बी चूक दाखवत न्हाई."