अर्धं राज्य

टेलरिंगच्या दुकानात आजोबा नातीला गोष्ट सांगत होते. "राजकन्या कधी हसायचीच नाही. मग राजानं दवंडी पिटली, जो हिला हसवेल त्याला राजकन्या आणि अर्धं राज्य!"

मागे आत्या मान मोडून कॉलरी शिवत होती. आजोबांची नजर अधू झाल्यापासून कापणं, शिवणं, गिऱ्हाइकांची बोलणी खाणं, सगळं तिच्याच गळ्यात होतं. आजोबांकडे एकच काम उरलं होतं, दारात खुर्ची टाकून तिच्यासाठी नवरा शोधणं.

"उद्या मुलाकडचे येतायत," गोष्ट अर्धवट सोडून ते तिच्याकडे वळले. "जावयाला अर्धं दुकान द्यायचं कबूल केलंय मी. तू फक्त चेहरा जरा हसरा ठेव. कायम आपलं एरंडेल प्यायल्यासारखं तोंड!"

मशीन थांबलं. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि अशी खो खो हसत सुटली की गळ्यातली टेप खाली पडली.

डोळे पुसत ती म्हणाली,

"बघा बाबा, माझी मीच हसले! आता अर्धं दुकान माझं. आणि राजकन्याही माझी मलाच."